गायतोंडेंच्या चित्रापुढे उभं राहून नेमकं बघायचं काय?

अवकाशवेडी

वासुदेव गायतोंडेंच्या चित्राचा फोटो कुठेही टाका, पहिल्या दहा प्रतिसादांत कुणाला तरी त्यात गणपती दिसतो, कुणाला बुद्ध, कुणाला खिडकीतून येणारा उजेड, आणि एकजण हमखास विचारतो की बाबा याचा अर्थ काय. मग दुसरा येऊन सांगतो की अमूर्त चित्राला अर्थ विचारायचा नसतो, ते अनुभवायचं असतं. झालं, चर्चा खलास. मला दोन्ही पटत नाही म्हणून हा धागा. "अनुभवायचं असतं" म्हणजे विचारणाऱ्याचं तोंड बंद करणं, आणि गणपती शोधणं म्हणजे चित्रापुढून पळ काढायला निमित्त शोधणं.

माझं म्हणणं असं आहे की त्यांच्या चित्रात चिन्हांसारखं काहीतरी दिसतं खरं पण ती कशाचीही चिन्हं नाहीत, जे काय घडतंय ते जागेत घडतंय, म्हणजे कुठला रंग पुढे आलाय, कुठला मागे गेलाय, कुठला मधेच लोंबकळतोय आणि तुमचा डोळा त्यात कुठवर आत जाऊ शकतो. आणि ही जागा गूढबिढ काही नाही, ती तेलरंगाच्या थरांनी बांधलेली आहे, कुठे झाकलंय कुठे खरवडलंय हे बघता येतं, फक्त वेळ द्यावा लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: जन्म १९२४ नागपूर, घर मूळचं गोव्याकडचं, वाढले गिरगावातल्या चाळीत, १९४८ ला मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाचा डिप्लोमा, मग तिथल्याच वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम, १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क, १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीनला, २००१ मध्ये गेले. वर्षाला पाचसहा चित्रं करायचे, बस्स. चित्रांना नावं नाहीत.

आता बघा, साठच्या दशकातल्या बऱ्याच चित्रांत आडवी हालचाल आहे, करडा, हिरवट, निळसर असा एकच सूर नि त्यात जाड रंगाचे पुंजके आडवे सरकत गेलेले. भुलाभाईची वास्तू समुद्राकाठी होती, ते तासन् तास समुद्र बघत बसायचे असंही सांगतात, त्यामुळे सगळे लगेच म्हणतात हा समुद्र. असेलही. पण समुद्र म्हटलं की बघणं थांबतं कारण समुद्र आपल्याला आधीच माहितीये. नीट बघितलं तर काही चित्रांत त्या आडव्या पट्ट्याच्या वर आणि खाली एकाच जातीचा रंग आहे, वर आकाश लांब नि खाली पाणी जवळ हा प्रकारच नाही, लांब आणि जवळ हे त्या पट्ट्याच्या आतच चाललंय.

पुढे सत्तरच्या दशकात कॅनव्हास उभा होतो, पाच फूट उंच नि सव्वातीन फुटांच्या आसपास रुंद असे कितीतरी आहेत, म्हणजे समोर उभं राहिलं की साधारण आपल्या अंगाएवढं. मधोमध किंवा मध्यापासून थोडा ढळलेला उभा अक्ष, आजूबाजूला कुठल्यातरी विसरलेल्या लिपीतले वाटावेत असे तुटके आकार. इथे प्रतीकं शोधणाऱ्यांची दिवाळीच. तर तुम्ही ही चित्रं कशी बघता? जाणकारांनी आणि अजाणकारांनी दोघांनीही लिहा.

नागपुरी_संत्रं

मी पयला :) गायतोंडे आमच्या नागपूरचे हे लिहिल्याबद्दल आभार, नाहीतर लोक डायरेक्ट मुंबईपासून सुरुवात करतात. आणि विदर्भाचाच विषय निघाला आहे तर अकोल्याचे अंबादास खोब्रागडे पण घ्या की चर्चेत. १९२२ चा जन्म, सत्तरच्या दशकात ओस्लोला गेले ते तिथलेच झाले, २०१२ ला गेले. त्यांच्या तेलरंगात अक्षबिक्ष काही नाही, ब्रशचे फटकारे वळत वळत सगळा कॅनव्हास व्यापून टाकतात, डोळ्याला टेकायला जागाच देत नाही माणूस. गायतोंडे बसवून ठेवतात, अंबादास पळवतात.

शंकासूर

आमच्या चाळीच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, पोपडे निघतात, खालचा जुना हिरवा रंग दिसतो, त्यात पण पुढे काय नि मागे काय सगळं आहे. सही कोण करतंय बोला.

२०१३ ला मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं. यातला प्रतीकाचा भाव किती नि अवकाशाचा किती, जीएसटी धरून सांगावा. (तेव्हा जीएसटी नव्हता हे माहीत आहे, कृपया कुणी दुरुस्ती करू नये.)

कुंपणावरची

@शंकासूर ठ्ठो!! पण ओल आलेल्या भिंतीचा मुद्दा वाटतो तितका थट्टेचा नाही बरं का, लिओनार्दो द विंचीने चित्रकारांना लिहून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंतींकडे बघत बसा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे सापडतील. म्हणजे तुमची चाळ थेट इटलीला पोचली.

अवकाशवेडी

@शंकासूर, लिओनार्दोला भिंतीत लढाया दिसायच्या म्हणजे तो पण गणपती शोधणाऱ्यांतलाच :) फरक एवढाच की भिंतीला कडा नसतात. म्हणजे असतात, पण ओल कडा बघून थांबत नाही. चित्रात डाव्या कडेपासून चार बोटं सोडून एक आकार आलाय आणि उजवीकडे तेवढीच जागा कोरी ठेवली आहे हे कुणीतरी ठरवलेलं असतं, कधीकधी महिना महिना बघत बसून ठरवलेलं. भिंतीतला तुकडा तुम्ही चौकट धरून कापलात तर तो कापणारा तुमचा हात चित्रकाराचा झाला, मग त्या हाताबद्दल बोलू. किंमतीचं म्हणाल तर त्यातला एक पैसाही त्यांना मिळालेला नाही, ते २००१ लाच गेले होते, आणि राहायचे बरसातीत, म्हणजे दिल्लीत गच्चीवरच्या खोलीला म्हणतात ते.

टर्पेंटाइन

चांगला धागा. मी स्वतः तेलरंगात काम करतो त्यामुळे हाताच्या बाजूने लिहितो, लांबण लागेल, सहन करा.

तेलरंग "वाळतो" म्हणतात पण पाण्यासारखं काही उडून जात नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होत जातं. पातळ थराला काही दिवस, जाड थर आतून पक्का व्हायला महिने. अक्रिलिक अर्ध्या तासात दगड होतं आणि मग तुम्ही त्यावर फक्त आणखी रंग चढवू शकता, तेलरंगात उद्या सकाळी येऊन कालचा थर ढकलता येतो, खरवडता येतो, पुसता येतो, रोलर फिरवून ताणता येतो. गायतोंडेंनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि रोलर नि पॅलेट नाइफ हातात घेतले ते उगाच नाही. ब्रशचा फटकारा म्हटला की हाताची दिशा आली, हात इकडून तिकडे गेला ही गोष्ट आली, बघणारा त्या हाताच्या मागे जातो. रोलरने ती गोष्टच निघून जाते, रंगाचा एकसारखा पापुद्रा बसतो, कुणी लावला कुठून लावला कळत नाही.

आता खोलीचं. पातळ पारदर्शक थर असला की उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि रंग घेऊन परत बाहेर येतो, म्हणून ती जागा आतून उजळल्यासारखी वाटते आणि मागे गेल्यासारखी पण वाटते. अपारदर्शक जाड रंगावरून उजेड वरच्यावर परततो, म्हणून तो पुढे येतो. आणि यात कडा फार महत्त्वाच्या. कडा विरघळलेली असली की आकार मागच्या रंगात बुडतो, धारदार असली की सुटून वर येतो. एकाच आकाराची डावी कडा बुडालेली नि उजवी धारदार ठेवली तर तो आकार तिरका उभा राहिल्यासारखा होतो, सपाट कॅनव्हासवर, एकही पर्स्पेक्टिव्हची रेघ न मारता.

आणि ते लिपीसारखे आकार, ज्यावर सगळे प्रतीकवाले उड्या मारतात, ते बरेचसे रंगवलेले नाहीतच. वर्तमानपत्राचे, मासिकांचे कागद फाडून त्यांना रंग लावायचा, ओल्या कॅनव्हासवर दाबायचे नि उचलायचे. कागद फाटलेला म्हणून कडा दातेरी, रंग कुठे चिकटला कुठे कागदाबरोबर निघून आला म्हणून आकार अर्धा पुढे अर्धा मागे. म्हणजे "हे चिन्ह काढू या" म्हणून काढलेलं नाही, ते दाबण्या-उचलण्यातून उरलंय. मग त्यातलं कुठलं ठेवायचं नि कुठलं रोलरखाली गाडायचं हा निवाडा मात्र पूर्ण त्यांचा.

शंकासूरभाऊ, तुमच्या भिंतीने हा निवाडा केला तर मला फोन करा, मी सही मारायला येतो.

शंकासूर

@टर्पेंटाइन हे असं कुणी सांगत नाही हो. गॅलरीत गेलं की बाजूला पाटी असते, त्यात "चैतन्याच्या अनाहत स्पंदनांचा मूक आविष्कार" टाइप लिहिलेलं असतं, आम्ही परत लिफ्टकडे. रोलर फिरवला नि कागद उचलला हे लिहा ना पाटीवर.

चित्र आवडलंय असं म्हणत नाहीये, फक्त पाटी खराब असते एवढंच.

मोडीवाचक

मी हौशी मोडी वाचक आहे, मित्राने "तुझी लिपी आहे यात" म्हणून या धाग्याची लिंक पाठवली. गायतोंडेंच्या चित्रात मोडी आहे असं मी पण दोनचार ठिकाणी ऐकलं आहे. सांगतो, एकही अक्षर लागत नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जातात, लपेटीत, हात न उचलता. यांचे आकार कशालाच लटकलेले नाहीत, प्रत्येकाच्या चहूबाजूंनी मोकळी जागा सोडलेली, एकमेकांना शिवत पण नाहीत. लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण त्यात नाहीच, वर सांगितल्याप्रमाणे कागद दाबून उचलले असतील तर नसणारच.

पण एक गंमत सांगू का? वाचायची सवय असलेल्या डोळ्याने मी डावीकडून सुरुवात केली, पहिला आकार, दुसरा आकार, आणि तिसऱ्याला अडकलो, कारण तो दुसऱ्याच्या पुढे नव्हता, दुसऱ्याच्या मागे होता, म्हणजे खोल. ओळ सोडून डोळा आत गेला आणि मग परत ओळीवर आलाच नाही. मला वाटतं लिपीसारखं दिसण्याचा उपयोग एवढाच असावा की माणूस वाचायला म्हणून जवळ येतो आणि वाचणं जमत नाही म्हणून बघायला लागतो.

अवकाशवेडी

@मोडीवाचक काय प्रतिसाद आहे!! धागा वसूल. तुमच्या मित्राला पण आयडी काढायला लावा.

दादरचे_आजोबा

चर्चा उत्तम. मात्र प्रतीक म्हटलं की इतकं अंग चोरायचं कारण नाही. चित्रकार सय्यद हैदर रझांचा बिंदू घ्या. मध्य प्रदेशात मंडल्याकडे नर्मदेच्या जंगलात बालपण गेलं, मन थाऱ्यावर नसलेल्या पोराला मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि याच्याकडे बघत बस म्हणाले, ती आठवण ते पुढे आयुष्यभर सांगत. १९५० साली फ्रान्सला गेले, तिथे अनेक वर्षं तेलरंगात गावं, घरं, निसर्ग रंगवून झाला आणि मग बिंदू परत आला. तो बीज आहे, पंचतत्त्वांचे पाच रंग आहेत, त्रिकोण आहेत, सगळं उघडउघड. किल्ली चित्रकाराने स्वतःच तुमच्या हातात दिली आहे. त्यात कमीपणा काय?

आणि आपले चित्रकार प्रभाकर बरवे. नागावचे, अलिबागजवळचं नागाव. घड्याळ, पान, शंख, पेअरचं फळ, सावली. वस्तू ओळखू येते, किल्ली मात्र मिळत नाही. माझ्या मते तिघांत सर्वांत अवघड बरवेच.

टर्पेंटाइन

आजोबा, बरव्यांबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त धागा तेलरंगाचा आहे म्हणून मीठमिरची लावतो: रझांचे गाजलेले बिंदू बहुतेक अक्रिलिकमधले आहेत, आणि बरवे एनॅमल वापरायचे, गेटला लावतो त्या जातीचा. हे नुसतं तांत्रिक नाही, जागेवर सरळ परिणाम होतो. अक्रिलिकची सपाट घट्ट कडा बिंदूला हवीच होती, वर्तुळाची कडा विरघळली तर बिंदू बिंदू राहत नाही, नुसता डाग होतो. बरव्यांच्या एनॅमलची जमीन गुळगुळीत, आत शिरूच देत नाही, डोळा पृष्ठभागावरून घसरतो, म्हणून त्यावर ठेवलेलं पान कुठे ठेवलंय हेच कळत नाही, त्याची सावली भलतीकडे पडलेली असते आणि मग तुम्ही सावलीवरून जागा शोधायला लागता. गायतोंडेंचा तेलरंग उलट, आत घेत राहतो. तर माध्यम बदललं की अवकाशाची जात बदलते.

२०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएला, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, बरव्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन लागलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना कळेल मी काय म्हणतोय. त्या इमारतीत गोल भिंती नि जिने आहेत, बरव्यांची चित्रं तिथे आणखीच कोड्यात पडली होती.

कुंपणावरची

टांगण्याच्या जागेवरून आठवलं. रशियन चित्रकार मालेविचचा काळा चौकोन १९१५ साली पेट्रोग्राडला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मुद्दाम खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला होता, रशियन घरांत त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते. चित्र तेच, तेलरंगातला काळा चौकोन, पण त्या कोपऱ्यात गेल्याबरोबर तो देवाच्या जागेवर जाऊन बसला. म्हणजे प्रतीक चित्राच्या आत नव्हतं, भिंतीवरच्या जागेत होतं! २०१५ मध्ये तपासणी केली तर त्या काळ्याखाली आधीची रंगीत चित्रं सापडली ते वेगळंच.

तर माझा प्रश्न अवकाशवेडीला: तू म्हणतेस प्रतीक नाही, फक्त जागा. पण जागाच प्रतीक होत असेल तर?

अवकाशवेडी

@कुंपणावरची बाई, कुंपणावर बसून बरोबर दगड मारतेस. विचार करून लिहिते.

मालेविचला माहीत होतं की बघणाऱ्याला तो कोपरा माहीत आहे, दोघांत करार होता, म्हणून प्रतीक झालं. रझा आणि आपल्यात बिंदूचा करार आहे. गायतोंडेंच्या उभ्या अक्षाबद्दल असा कुठलाच करार नाही. त्याला कुणी मेरुदंड म्हणतं, कुणी शिवलिंग, कुणी दार. प्रत्येकाने स्वतःशी केलेला करार आहे तो, चित्राची त्याला हरकत नाही पण सही पण नाही. अक्षाचं काम मला वेगळं दिसतं. तो नसता तर एवढ्या सगळ्या तरंगणाऱ्या थरांत आपण कुठे उभे आहोत ते कळलं नसतं. अक्षामुळे बघणाऱ्याला स्वतःचं शरीर सापडतं, उभं, मधोमध, आणि मग डावंउजवं पुढंमागं सगळं त्या मानाने मोजता येतं.

झेनबाबा

इथे कुणीच मूळ मुद्द्याला हात घातलेला नाही. गायतोंडे झेनचा अभ्यास करायचे, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांचा प्रभाव होता, मौनाबद्दल ते स्वतः बोललेले आहेत. हे सगळं सोडून रोलर आणि जवसाचं तेल? त्यांची चित्रं म्हणजे शून्याचं दर्शन आहे. तांत्रिक चिरफाड करून ते मिळणार नाही.

शंकासूर

आली पाटी.

टर्पेंटाइन

@झेनबाबा, प्रभाव होता हे मान्यच आहे, ते वाचायचे, मुंबईत महाराजांकडे गेलेले, सगळं खरं. पण झेन वाचणारे हजारो आहेत, त्यांच्याकडून हा पिवळा निघालेला नाही. आणि झेनवालेच सांगतात ना की धनुष्य कसं धरायचं ते आधी शिका, शून्य नंतर बघू. रोलर म्हणजे ते धनुष्य धरणं आहे असं समजा हवं तर.

मला खरी अडचण वेगळी आहे. "मौन", "ध्यान", "शून्य" हे शब्द लिलावाच्या कॅटलॉगात इतके वापरलेत की आता १९६२ च्या करड्या चित्राला पण मौन, १९७९ च्या पिवळ्याला पण मौन, १९९५ च्या लालला पण मौन. सगळ्यांना एकच शब्द चालतो याचा अर्थ तो शब्द कुठल्याच चित्राकडे बघत नाहीये.

झेनबाबा

असहमतीशी सहमत. पण शेवटचं वाक्य लागलं.

एडिसनकर

न्यूजर्सीहून हजेरी. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंडेंचं मोठं प्रदर्शन होतं, आम्ही इथली मराठी मंडळी ग्रुपने गेलो होतो, निम्मे लोक आपला माणूस म्हणून आलेले, चित्रकलेचा गंध नाही (मी त्यांतलाच). तिथे एक गोष्ट लक्षात आली ती म्हणजे अंतर. लांबून बघितलं की तो उजेड येतो, चार पावलं पुढे गेलं की उजेड गायब आणि खरवडलेला रंग, उंचवटे, कागदाचे ठसे दिसायला लागतात, परत मागे आलं की आता ते ठसे माहीत असूनही उजेड परत येतोच. अमेरिकन अमूर्त चित्रकार रॉथको म्हणे लोकांना अठरा इंचांवरून बघायला सांगायचा, चित्राच्या आत उभं राहिल्यासारखं वाटावं म्हणून. गायतोंडेंना अठरा इंच चालत नाही, पुढेमागे करावं लागतं. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी तर गार्डचा ओरडा खाल्ला फार जवळ गेल्या म्हणून, पण सगळ्यांत जास्त त्यांनीच बघितलं.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयाकडे पण गायतोंडेंचं १९६२ चं एक आहे, कायम लावलेलं असतंच असं नाही, जाण्याआधी साइटवर चेक करा.

मी_मनू

रागसंगीतात आलाप असतो तसं आहे का हे? आधी शब्द नाहीत फक्त स्वर...

कुंपणावरची

आलाप आलाच शेवटी! पन्नास प्रतिसादांच्या आत येणार अशी पैज होती. मनू, चूक नाही पण मराठीत अमूर्तावर लिहिलेल्या प्रत्येक लेखात आलाप असतो, आणि आलाप काळात उलगडतो, गवई ठरवतो तुला कधी काय ऐकवायचं. इथे सगळं एकदम समोर आहे, क्रम तू लावायचा.

मी_मनू

ओके ओके. मग नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची? पुण्यात राहतो, मुंबईला येणंजाणं असतं.

दादरचे_आजोबा

मनू, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे, त्या संग्रहात गायतोंडे आहेत. मांडणी बदलत असते तेव्हा आधी विचारून जा. कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेकडेही आहेत, होमी भाभांनी त्या काळात संस्थेसाठी चित्रं विकत घेतली होती, पण ती काम चालू असलेली संस्था आहे, सहज आत शिरता येत नाही. दिल्लीला गेलास तर जयपूर हाउसची राष्ट्रीय गॅलरी.

त्याआधी घरबसल्या करण्याजोगं सांगतो. गायतोंडे विद्यार्थी असताना जैन आणि पहाडी लघुचित्रं बघायचे आणि त्यांनी सांगितलेलं आहे की हळूहळू त्यातल्या आकृत्या वगळून ते फक्त रंगांची प्रमाणं बघायला लागले. तूही कर. बसोहली या पहाडी शैलीतलं एखादं चित्र घे, राधा कृष्ण विसर, मोठा पिवळा तुकडा किती, लाल पट्टी किती, हिरवा कुठे टोचलाय एवढंच बघ. आठवडाभर हे केलंस की गायतोंडेंच्या चित्रात काय नाही हे विचारणार नाहीस.

टर्पेंटाइन

आजोबांना दंडवत. त्यात भर: चित्रासमोर गेल्यावर एकदा अगदी बाजूला, भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहून तिरकं बघ. उजेड घासून गेला की कुठे रंग चढलाय कुठे खणलाय ते दिसतं. फोनवर यातलं काही दिसत नाही, फोटोत सगळे थर एकाच पातळीला येतात, पिवळा तर हमखास चुकतो.

आणि १९८४ नंतरचं काही सापडलं तर थांबून बघ. अपघात झाला, काही वर्षं मोठे कॅनव्हास बंद, कागदावर शाईची कामं केली. शाईत थर नाहीत, रोलर नाही, एकदा उमटलं ते उमटलं. तिथे जागा कशी तयार केलीये ते बघ, फक्त कोरा कागद किती सोडला यावर. नंतर परत तेलरंगाकडे आले तेव्हाचे कॅनव्हास मला जास्त मोकळे वाटतात, आकार कमी, पण हे माझं मत.

शंकासूर

एक प्रामाणिक शंका. (हो, मलाही असतात.) यांची सही बऱ्याचदा कॅनव्हासच्या मागे असते असं वाचलं. चित्रात गणपती नाही, आकाश नाही, पाणी नाही, मग उद्या कुणी उलटं टांगलं तर कुणाच्या बापाला कळणार आहे?

कुंपणावरची

हे झालेलं आहे हो! डच चित्रकार मोंद्रियानचं न्यूयॉर्क सिटी १ नावाचं काम, रंगीत चिकटपट्ट्यांचं, जर्मनीत ड्युसेलडोर्फच्या संग्रहालयात १९८० पासून उलटं टांगलं होतं, आणि त्याआधी १९४५ मध्ये न्यूयॉर्कला दाखवलं तेव्हापासूनच उलटं असावं. २०२२ मध्ये लक्षात आलं. आता सरळ करायचं तर जुन्या चिकटपट्ट्या सुटून पडतील म्हणून तसंच ठेवलं आहे. फ्रेंच चित्रकार मातिसचं एक कागदी काम १९६१ मध्ये मोमात ४७ दिवस उलटं होतं, लाखभर लोक बघून गेले.

शंकासूर

मी काय म्हणत होतो!!! तज्ज्ञ, संग्रहालयं, सगळे ७५ वर्षं उलटं बघून माना डोलावत होते. धागा बंद करा आता.

टर्पेंटाइन

धागा कशाला बंद, उलट आत्ता सुरू झाला. मोंद्रियानच्या त्या कामात पट्ट्या एका बाजूला दाट आहेत, ती दाटी वर हवी की खाली एवढाच वाद होता, म्हणजे वरखाली होतंच, फक्त लोकांनी दाटी खाली हवी असं गृहीत धरलं, जमीन खाली असते म्हणून. समुद्र शोधणाऱ्यांसारखंच.

गायतोंडेंचं उलटं केलं तर कळेल असं मी छातीठोक म्हणतो. पातळ रंग ओघळलेला असतो तो खालीच ओघळतो. आणि वजन. वरच्या भागात उजेड नि खाली जड आकार असेल तर चित्र उभं राहतं, उलटं केलं की सगळा भार डोक्यावर येतो आणि मधला उजेड बुडतो. करून बघा, कुठलंही सत्तरच्या दशकातलं चित्र फोनवर उघडा आणि फोन उलटा करा.

मी_मनू

केलं. काहीच फरक नाही पडला, चित्र होतं तसंच आहे :(

एडिसनकर

मनू, ऑटो रोटेट बंद कर.